कपाटातली रेशनकार्डं

जिनिंगमधून घरी आलो की स्वेटरला रुईचे तंतू चिकटलेले असायचे. आमची ही मला अंगणातच थांबवून एकेक वेचून काढायची. किस्सेही तसेच चिकटून यायचे, पण ते कोण वेचणार? साठत गेले. सकाळी फिरायला जाणारे आम्ही चार म्हातारे कठड्यावर टेकतो, तेव्हा मित्र म्हणतात, "सर, तुमच्या तपासणीचं होऊन जाऊ द्या!" मी सांगतो. ते हसतात. मग घरी परतताना मला वाटत राहतं, यात हसण्यासारखं होतं का? की माझ्या सांगण्यातच काही चुकतं?

तपासणी म्हणजे काय, ते आधी सांगतो. मी कृषी महाविद्यालयात शिकवायचो. पीएच.डी. कापसाच्या धाग्यावर. निवृत्त झाल्यावर मुंबईच्या एका संस्थेनं काम दिलं. परदेशात कपडे विकणाऱ्या एका कंपनीचा कापूस ज्या जिनिंगमधून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यांतून जातो, तिथं मजुरांना कुणी जबरदस्तीनं राबवत नाही ना, हे पाहून लिहायचं. कापसाची ती पडती वर्षं होती. शेतातली कामं आटली होती. घाटंजीकडची माणसं मुकादमाबरोबर यायची आणि जिनिंगच्या आवारातल्या टिनाच्या खोल्यांत सीझनभर राहायची. कळंबच्या अलीकडच्या एका जिनिंगमधले हे किस्से. त्याचं नाव सांगत नाही.

*

प्रश्नावली इंग्रजीत होती. तिचं मराठी मी केलं, आणि फार काळजीनं केलं. "कार्यस्थळ सोडून जाण्याचे स्वातंत्र्य आपणास आहे काय?"

पहिलीच समोर आली ती सुमित्रा. पस्तिशीची असेल. केसांवर, भुवयांवर रुई. तिनं प्रश्न ऐकला आणि शेजारणीकडे पाहिलं.

"हे कोन्त्या गावचं बोलून राह्यले वं?"

मी ओशाळलो. सोपं करून विचारलं, "बाई, तुम्हाला इथून जायचं असलं तर जाता येतं का?"

"येते ना! कायले नाही येत? गेटावर कोनी हात धरत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "कार्ड तेवढं इथंच राह्यते."

मुकादमानं सगळ्यांची रेशनकार्डं सीझनच्या सुरुवातीलाच जमा केली होती. गावी तिच्या आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. पुढच्या गुरुवारी घाटंजीला डोळ्यांचं शिबिर होतं. पिवळं कार्ड दाखवलं की ऑपरेशन फुकट. मायलेकींचं कार्ड एकच.

"माय शेजारनीले सुमित्रा म्हनून हाका मारते जी. मले कार्ड पाह्यजे. बाकी काही नाही."

माझ्या कागदावर रकाने दोनच होते, होय आणि नाही. मी 'होय'वर खूण केली, खोडली, पुन्हा केली. शेवटी तिथं कागदच फाटला!

*

कारखान्यात सगळ्यांच्या तोंडावर कोरे करकरीत मास्क. काहींची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. धूळ ओढणारे मोठे पंखे गरगर फिरत होते. मी खूश होऊन लिहून घेतलं.

फिटर रहीमभाई मशीनखालून बाहेर आले, हात पुसत म्हणाले, "साब, आप हर हफ्ते आया करो."

"का हो?"

"आमच्या छातीले बरं वाटते!"

*

कंपनीचं धोरण दर्शनी जागी लावावं, असा नियम. मॅनेजर वामनरावांनी ते ऑफिसात चिंतामणीच्या फोटोशेजारी फ्रेम करून लावलं होतं. सगळं इंग्रजीत. वर हार. खाली उदबत्ती.

मी विचारलं, "मजुरांना हे वाचता येतं का?"

वामनराव म्हणाले, "वाचाची काय गरज हाय सर? येनारा पाया पडूनच जाते!"

*

तक्रारपेटी होती. मॅनेजरच्या दारावर, छताला लागून. मी रहीमभाईंना विचारलं, "इतकी उंच का लावलीत?"

"ऑर्डर होती साब. किसीने छेडना नहीं."

किल्ली शालिक मुकादमाच्या करगोट्याला. त्यानं स्टुलावर चढून पेटी उघडली. आत एकच चिठ्ठी. "पेटी खाली लावा. हात पुरत नाही."

मी कागद उलटसुलट करून पाहिला. मग ही चिठ्ठी आत गेली कशी?

शालिक म्हणाला, "पाह्यलं सर? हात पुरते! खोटी तक्रार हाय!"

*

मग मी धीर करून कार्डांचा विषय काढला. वामनरावांनी अगदी अभिमानानं कपाट उघडलं. प्रत्येक कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत. गावागावाचे वेगळे गठ्ठे, त्यांना रबर.

"एकाले उंदीर लागला नाही, एक भिजलं नाही. हे लोकं घरी ठेवते त काय हाल करते, माहीत हाय का तुमाले?"

आणि मी काय म्हणालो असेन? "छान ठेवलीत." खरंच छान ठेवली होती हो! माझ्या प्रबंधाचे कागद मी इतके नीट ठेवले नाहीत.

मग भानावर आलो. "पण कुणी मागितलं तर देता का?"

"देतो ना! सीझन संपला का."

शालिक म्हणाला, "कार्ड देल्लं का मानूस चालला सर. मंग जीन काय तुमी चालवान?"

मी सुमित्राच्या आईच्या डोळ्यांचं सांगितलं. गुरुवारच्या शिबिराचंही सांगितलं.

"म्हातारीले दिसतच नाही," शालिक म्हणाला, "त कार्ड कायले पाह्यजे? वाचनार हाय का?"

ऑफिसातले सगळे हसले. माझ्याही चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते हसू होतं की नाही, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

*

अहवालात मी मात्र स्पष्ट लिहिलं. 'ही वेठबिगारी आहे.' पाठवलं आणि दिवसभर प्रत काढून तेच वाक्य वाचत बसलो. शब्द जास्त झाला का? कमी झाला का?

मुंबईच्या संस्थेतल्या मॅडमचा फोन आला. आवाज फार गोड. "सर, रिपोर्ट सुंदर आहे. फक्त तो एक शब्द क्लायंटला फार स्ट्राँग वाटेल. त्याऐवजी 'सुधारणेस वाव आहे' लिहू या का?"

माझ्या कापसाच्या प्रबंधात एका दशांश चिन्हावरून मी परीक्षकाशी दोन महिने भांडलो होतो. इथं म्हणालो, "तुम्हाला योग्य वाटेल तसं."

"थँक्यू सर! आणि कार्डं परत दिल्याचा एक फोटो लागेल. हातात कार्ड, चेहरा दिसला पाहिजे, मागे कारखान्याचा बोर्ड. फोटो आला की आपण क्लोज करू."

"आणि फोटोनंतर?"

"नंतर काय सर?"

*

फोटोला मी गेलो तो बुधवार. शिबिर दुसऱ्या दिवशी. वामनरावांनी बावीस मजूर अंगणात ओळीनं उभे केले होते. शालिक पिशव्यांतून कार्डं काढून एकेकाच्या हातात देत होता आणि प्रत्येकाला बजावत होता, "फोटो झाला का वापस. समजलं? वापस!"

हे त्यानं माझ्यासमोरच म्हटलं. मी कॅमेऱ्याचं बटण शोधत राहिलो.

सुमित्रा ओळीच्या टोकाला होती. तिनं कार्ड घेतलं, उघडून आतलं नाव बोटानं तपासलं आणि पदराखाली धरलं.

"अवं, छातीशी धर!" शालिक ओरडला. "फोटोत दिसलं पाह्यजे!"

मी कॅमेऱ्यातून पाहिलं. बोर्ड येत नव्हता. बोर्ड गेटावर, रस्त्याकडे तोंड करून. मी म्हणालो, "वामनराव, अशानं फोटो परत येईल. बोर्ड हवाच."

"मंग?"

"सगळ्यांना गेटाबाहेर घ्यावं लागेल."

वामनरावांनी शालिककडे पाहिलं. शालिकनं माझ्याकडे पाहिलं. पण मी असा माणूस आहे की माझ्यावर कुणाला संशय येत नाही. ओळ बाहेर आली. तरी बोर्डाची उजवी बाजू कापली जात होती. मी म्हणालो, "थोडं रस्त्याकडे सरका." सरकले. "अजून थोडं." आता ओळीचं टोक डांबरावर आलं.

"आता काढा जी, ऊन्ह लागून राह्यलं!" वामनराव डोक्यावर रुमाल टाकत म्हणाले.

मी बटणावर बोट ठेवलं. माझा चष्मा धुरकट झाला होता. तो तसा नेहमीच होतो. म्हणून म्हणालो, "एक मिनिट."

तेवढ्यात कळंबकडून यवतमाळची एसटी आली. घाटंजीची वाट तिकडूनच. सुमित्रानं ओळीतूनच हात केला. गाडी थांबली. ती पायरीवर चढली तेव्हा शालिक दुसऱ्या टोकाला एकाचं कार्ड सरळ धरून देत होता. वळून पाहीपर्यंत दार लागलं होतं.

"अवं ये! कुठं चालली?" तो धावत ओरडला. "फोटो बाकी हाय ना!"

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली. खिडकीतून आधी पिवळं कार्ड बाहेर आलं, मग तिचं तोंड.

"काढा ना सर आता!" ती माझ्याकडे पाहून ओरडली. "कार्ड दिसून राह्यलं ना?"