आत्याने न उसवलेला टाका

ब्रह्मदेवाने ही सृष्टी माझ्या आत्याकडे तपासायला पाठवली असती, तर तिने आधी ती उलटून मागची बाजू पाहिली असती आणि मग निम्मी उसवून ठेवली असती. भरतकामाची पुढची बाजू तिच्या मते लोकांना फसवण्यासाठीच असते. "पुढून असकेच चांगले दिसतात गे," असं ती आमच्या तंजावरी मराठीत म्हणे, असके म्हणजे सगळे, आणि हे मत तिने कापडापुरतं ठेवलं होतं असंही नाही. मद्रासला एग्मोरच्या एका लग्नात आशीर्वाद द्यायला गेली, ती नवरीचा पदर उलटा करून गाठी मोजत बसली. मी मागे अक्षतांची मूठ आवळून, आपण हिच्याबरोबर आलेलोच नाही असा चेहरा करून उभी. नवा नमुना सुचला की ती कागद घेत नसे. स्वयंपाकघराच्या लाल जमिनीवर तांदळाच्या पिठाचे ठिपके मांडायची, त्यांना ती पुळ्ळी म्हणे, आणि त्यांच्याभोवती कोलमसारखी, म्हणजे तिकडच्या रांगोळीसारखी, रेघ फिरवायची. नमुना पुरा होईपर्यंत त्यावर कुणी पाय द्यायचा नाही. तिचे यजमान त्या दिवसांत अंगणात उभे राहून खिडकीच्या गजांमधून कॉफी घेत आणि ऑफिसला जात. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेले माझे टाके तिने एकदाच पाहिले होते. "तू इंग्लिश बोल बाळ," म्हणाली, "सुई ठेव."

म्हणूनच शेजारच्या माडीवर एक परदेशी इंजिनिअर राहायला आला, तेव्हा त्याच्या बायकोशी बोलायला तिने मला धाडलं. मला अनोळखी माणसांशी मराठीतही बोलता येत नाही. पण त्या बाईचं इंग्रजी माझ्या धीरापेक्षाही तोकडं होतं, त्यामुळे जमलं. सगळी गल्ली तिला रशियन म्हणे, आणि ती दर वेळी हळूच दुरुस्त करी, "बेलारूस."

एका दुपारी ती एक जुनं कापड घेऊन आली. पांढऱ्यावर लाल, धागे मोजून भरलेली शंकरपाळ्यांची रांग, प्रत्येकाच्या पोटात वेगळी नक्षी. आत्याने सवयीने ते उलटलं आणि त्यावरून बोट फिरवू लागली. मागची बाजू पुढच्यासारखीच होती. एक गाठ नाही, एक लोंबता दोरा नाही. "दोन्हीकडून पुढची बाजू," ती म्हणाली, आणि पदर खोचून बसलेली ती, देवळात सावरतो तसा पदर सावरून बसली.

कापडाचा एक कोपरा जळालेला होता. ते बाईच्या आईने भरलेलं, घरातल्या प्रत्येकासाठी एक शंकरपाळं. लढाईत गाव जाळलं गेलं, आई गेली, एवढं उरलं. सहा शाबूत होती. सातवं जळालं, ते हिचं. आईने त्यात काय भरलं होतं ते तिला आठवत नव्हतं. महिन्याभराने ती दोघं मायदेशी परतणार होती. "तुझ्या आत्याला सगळे नमुने येतात. तिथे काय असेल, विचार," ती मला म्हणाली. हे मी आत्याला मराठीत सांगितलं.

आठ दिवस खिडकीतून कॉफी गेली. आत्या मांडायची आणि पुसायची. शेवटी तिने बाईला बोलावून पिठाची वाटीच पुढे केली. "मी घातलं तर ते माझं होईल. तूच घाल म्हणावं."

"मला येत नाही," बाई म्हणाली.

"यायला काहाला होणा?" म्हणजे, यायला हवंच कशाला? "तुझ्या बोटांना विचार म्हणावं."

बाई फ्रॉक सावरत जमिनीवर बसली. पीठ चिमटीत घेतलं. मग नऊ पुळ्ळ्या घातल्या, भोवती रेघ फिरवली आणि रडू लागली. आईचं हेच होतं का, ते तिला सांगता येईना. "पण हे माझं आहे," म्हणाली.

आत्याने नव्या कापडावर सातही शंकरपाळी भरली. मी हळूच म्हटलं, "आत्या, त्या सातव्यातली एक पुळ्ळी बाजूला सरकली आहे."

"माझे डोळे फुटले नाहीत. ती तिची आहे. हात लावू नको."

जाण्याच्या दिवशी बाईने ते कापड हातात घेतलं, आधी उलटून पाहिलं आणि आत्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. कुणी असं जवळ आल्यावर हाताचं काय करायचं हे आत्याला माहीत नव्हतं. तिने बाईच्या पाठीवरची शिवण चाचपून पाहिली.

पुढे तीच रांग तिने साड्यांच्या काठांवर आणली. शंकरपाळ्यांत मोगऱ्याच्या कळ्या आल्या, पोपट आले, लाल दोरा मात्र तोच. मद्रासच्या हौशी बायका 'मॉडर्न' म्हणून ते काठ मागून नेऊ लागल्या. प्रत्येक सातव्या शंकरपाळ्यात एक पुळ्ळी सरकलेली असे. कुणी तक्रार केली तर आत्या म्हणे, "सरकवायला जास्त कष्ट पडतात."

आता तिच्या डोळ्यांवर मोतीबिंदू आहे. ती नमुने सांगते, मी भरते, आणि ती मागच्या बाजूवरून बोट फिरवून उसवायला लावते. परवा तिचं बोट एका टाक्यापाशी थांबलं. तो मी नकळत चुकवला होता. मी कात्री तिच्या हातात दिली. तिने ती चाचपली, बाजूला ठेवली, आणि पुन्हा त्याच टाक्यावर बोट आणलं.

"राहू दे," म्हणाली. "हा तुझा आहे."