कागद गुंडाळलेला माउथपीस

गफूरभाईंच्या शबानाचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी हुज्जत घालत होतो. "काका, अब्बा गेले. सकाळी चहा पिता पिता..." एवढंच ती म्हणाली आणि माझ्या तोंडून काय निघावं? "आज ट्रम्पेट वाजवलं होतं का त्यांनी?" मग ती म्हणाली, "न्हाई काका. लई दिवस झाले, डब्बाच उघडला न्हाई." बाप गेलेल्या पोरीला असलं काही विचारतात का? त्याची मला अजून लाज वाटते. मेथी तिथंच राहिली आणि मी लातूरची एसटी धरली.

गफूरभाई आणि मी लातूरच्या एका डाळमिलमध्ये सव्वीस वर्षं बरोबर होतो. मी ऑफिसात, ते मशीनवर. त्याआधी, तरुणपणी, ते नांदेडच्या एका बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. बँडची एक रीत त्यांनीच मला सांगितली होती. बाजा मालकाचा, दुकानात खुंटीला टांगलेला. पण ज्याला ओठ लावायचे तो पितळी माउथपीस ज्याचा त्याचा. दुसऱ्याच्या ओठाचं कोण तोंडाला लावणार? लग्नानंतर सासऱ्यांनी पक्की नोकरी बघायला लावली, तेव्हा त्यांनी बाजा परत केला, लाल कोट परत केला आणि माउथपीस खिशात घालून लातूरला आले. तो कायम शर्टाच्या वरच्या खिशात. "थंडा असला की ओठाला धरत न्हाई, साहेब. गरमच ठिवावा लागतो," म्हणायचे. मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत ते नुसता माउथपीसच फुंकायचे. भुंगा बाटलीत अडकल्यासारखा आवाज यायचा आणि आम्ही सगळे हसायचो. मी जरा जास्तच हसायचो.

रिटायर झाल्यावर मी मुलाकडं नांदेडला आलो. एक दिवस त्यांचा फोन. "जाधवसाहेब, एक बाजा घ्यायचा हाय. सस्ता, पन चालणारा. तुम्ही संगं पायजे." शबानाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. उभ्या मराठवाड्यात लोकांच्या पोरी सासरी निघताना गफूरभाईंनी वाजवलं होतं. शबानाच्या वेळी मात्र ते बाप होते, हात जोडून उभे राहिले. आता नातीच्या रुखसतीला तरी वाजवायचं, एकदाच, पण सगळं गाणं, न तुटता... एवढंच त्यांचं मागणं होतं.

आता खरेदी म्हटलं की मला चेव येतो. ते नांदेडला आले आणि आम्ही दोन ठिकाणी गेलो. आधी त्यांच्या ओळखीच्या बँडच्या दुकानात. तिथं एक जुना ट्रम्पेट विकायला होता. पोचे पडलेला, दोन जागी डाग दिलेला. गफूरभाईंनी तो हातात घेतला, डोळे मिटले आणि न फुंकताच कितीतरी वेळ नुसती बटणं दाबत राहिले. "ह्याच्यात दम हाय," म्हणाले. मी त्यांना जवळजवळ ओढूनच बाहेर काढलं. मग वाद्यांच्या दुकानात. तिथं जवळपास त्याच किमतीत नवाकोरा, आरशासारखा चकचकीत, सोबत डबा, तेलाची बाटली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला नवा माउथपीस आणि वर गॅरंटी! मी म्हटलं, "भाई, डोकं फिरलंय का? नवं सोडून कुणी भंगार घेतं?" त्यांनी खिशातला माउथपीस काढून त्या नव्या ट्रम्पेटात बसवून पाहिला. तो जरा डुगडुगला. मी पाहिलं, पण मला त्यातलं काय कळणार? "हे चालंल," ते म्हणाले. मी खूश.

नंतरचे महिने ते मला फोनवर वाजवून दाखवायचे. दोन सूर बरे यायचे, तिसऱ्याला आवाज फाटायचा, नुसती हवा. "पुढचे दोन दात नकली हायेत ना, साहेब. अन् डाळीची धूळ लई गेली छातीत." मी त्यांना गुळण्या सांगितल्या, प्राणायाम सांगितला. दर वेळी म्हणायचो, "गॅरंटी आहे, बदलून आणू." ते दर वेळी म्हणायचे, "न्हाई हो. बाज्यात खोट न्हाई, माझ्यातच हाय." लग्नात डीजे वाजला. ट्रम्पेटचा डबा त्यांच्या खुर्चीखाली होता. नात गळ्यात पडून रडली, गाडी निघून गेली आणि डबा काही उघडला नाही.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर शबानानं तो डबा माझ्या हाती दिला. "कुणीतरी वाजवणाऱ्याला द्या, काका." मी तो त्याच बँडच्या दुकानात घेऊन गेलो. तिथले बाबूराव गफूरभाईंचे जुने जोडीदार. त्यांनी ट्रम्पेटातला जुना माउथपीस उपसला. त्याच्या दांड्याला कागदाच्या पट्ट्यांवर पट्ट्या गुंडाळल्या होत्या. मग त्यांनी डब्यातला नवा माउथपीस प्लास्टिक फाडून काढला, तो बसवला आणि असा स्वच्छ, लांब सूर काढला की समोरचा चहावाला वळून बघायला लागला.

"बाजा चांगला हाय की," बाबूराव म्हणाले. "जुना ह्याच्यात बसत नव्हता, कागद लावूनबी हवा जात होती."

"मग गफूरभाईंना कळलं कसं नाही?"

"न कळायला काय झालं? शिकाऊ माणसाला बी कळतं हे."

मी एक पट्टी उलगडली. त्यावर वाद्यांच्या दुकानाचा अर्धा शिक्का होता. गॅरंटीचा कागद... मी महिनोनमहिने ज्याच्या नावानं ओरडत होतो तो.

तेव्हापासून माझं डोकं चालेनासं झालंय. त्यांना कळत होतं, तर बोलले का नाहीत? मी निवडलेला बाजा, मला वाईट वाटू नये म्हणून? की तो माउथपीस सोडून दुसऱ्याला ओठ लावायला मन झालं नाही? की नात निघताना ओठ थरथरतील, हे आधीच ओळखून स्वतःसाठी एक सबब गुंडाळून ठेवली होती? एक पटतं, तोवर दुसरं खरं वाटायला लागतं. सव्वीस वर्षांची सोबत, आणि मला त्या माणसाचं एवढंही सांगता येत नाही. मला त्यांचा राग येतो, आणि त्याहून जास्त माझा.

ट्रम्पेट बाबूरावांकडं आहे. जुना माउथपीस मात्र मी मागून घेतला, कागदासकट. त्याला ओठ लावायची माझी हिंमत नाही. पण सकाळी आंघोळ करून शर्ट बदलला की आधी तो वरच्या खिशात टाकतो. गरम राहायला पाहिजे. कुणासाठी, ते मला विचारू नका.