देवाने कृपया लक्ष द्यावे

एक अत्यंत गंभीर बाब जाहीर करतो: महाडच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये देवाची गाडी चुकू नये, याची काळजी एक गृहस्थ घेत. ते एसटी स्टँडवर गाड्या पुकारत आणि प्रार्थनाही त्याच सुरात करत. ‘देवाने कृपया लक्ष द्यावे,’ म्हणून थेट पोलादपूरपर्यंतच्या आजाऱ्यांची नावं गावासकट दोनदा वाचत. आम्ही रुमालात हसायचो.

त्यांची बायको वारली. त्यानंतर चार रविवार त्यांनी तोंडच उघडलं नाही. पाचव्या रविवारी उठले.

‘देवा, काय मागू कळत नाय. घरी जावंसं वाटत नाय,’ एवढंच साध्या आवाजात बोलले आणि तसेच उभे राहिले.

मागच्या बाकावरची म्हातारी बोलून गेली, ‘आमेन म्हण रे बाबा, नि जेवायला माझ्याकडं चल.’