वरची मूठ

मी नोकरीवर रुजू व्हायला निघालो, कोरेगावच्या स्टँडवर सांगलीची एसटी लागली, तेव्हा आईनं घेवड्याचं गाठोडं माझ्या हातात दिलं, पुन्हा काढून घेतलं, गाठ सोडली आणि ओच्यातली आणखी एक मूठ वर टाकली. "अगं, किती देतेस?" मी म्हणालो.

"वानवळा कुणी मोजत न्हाई."

थोरला दादा माझी ट्रंक टपावर चढवत होता. तो वरूनच ओरडला, "सायब झालास तरी घेवडाच खा रं, लय नखरं करू नगंस!"

घरातला पहिला पदवीधर मी. माझं शिक्षण व्हावं म्हणून दादानं सातवीनंतर नांगर धरला. वडिलांमागं शेत आम्हा दोघांच्या नावावर लागलं. पण आमच्याकडची रीत अशी, की नोकरीला गेलेल्यानं पगारावर जगावं आणि राबणाऱ्यानं पिकावर. मला दर सुगीला नव्या पिकातला मूठ-पसा वानवळा यायचा, तोही हिस्सा म्हणून नव्हे, मायेपोटी.

पुढं सांगलीत कचेरीतल्या आम्ही काही जणांनी हाउसिंग सोसायटी काढली. कर्जाच्या अर्जात उत्पन्न लिहायचं होतं. नुसत्या पगारावर दोनच खोल्या होत होत्या. "सातबाऱ्यावर नाव आहे ना? मग निम्मं पीक तुमचंच," सेक्रेटरी म्हणाले. "तलाठ्याचा दाखला आणा, तिसरी खोली निघेल." ती खोली आईसाठी, अशी मी मनाची समजूत घातली. निम्म्या पिकाचा दाखला मागितला तोही दादाकडंच. त्यानं काही न विचारता पोस्टानं धाडला.

घर झालं. त्या सुगीला दादा स्वतः ट्रक घेऊन आला आणि दारात घेवड्याची पोती उतरवू लागला.

"दादा, एवढं कशाला?"

"निम्मं हाय. वजन करून आनलंय. बघ मोजून."

"अरे, ते नुसतं कर्जासाठी लिहिलं होतं."

"म्हंजी खोटं लिवलंस व्हय?"

मी उतरवलेलं एक पोतं उगाच भिंतीकडं सरकवलं.

"न्हाई न्हवं? मग खरं हाय ते," दादा म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं चहा घेतला, पण खुर्चीच्या टोकावर बसून, पाहुण्यासारखा.

पोती मी परत धाडली, ती पुढच्या ट्रकनं पुन्हा आली. आईला न्यायला गेलो, तर म्हणाली, "दादा एकटा राबतोय, मी हितंच बरी." निघताना मी वानवळ्यासाठी पिशवी पुढं केली. तिनं वहिनीकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आता तुझा वाटा जातोय की, बाळा."

तिसऱ्या खोलीत आता पोती असतात. गाव सोडून आलेले माझे सोबती घर केवढं झालं म्हणून विचारतात, तेव्हा मी खोल्या सांगतो. मनात मात्र स्टँडवरची आई असते, बांधलेली गाठ सोडून वर आणखी एक मूठ टाकणारी. ती मूठ माझं उत्पन्न नव्हती. माझं घर तेवढंच होतं.