जरा अवघडलंय

आमचे काका रंगारी. बसले तरी बसत नाहीत. एका खुर्चीवर टेकतात आणि दुसरीकडे बघत राहतात. गेले दोन महिने त्यांचा उजवा खांदा धड नव्हता, पण 'दुखतंय' हा शब्द त्यांच्या तोंडी नाही. दारात बोट चेमटलं, "जरा अवघडलंय." पाय मुरगळून टम्म सुजला, तरी "जरा अवघडलंय."

शेवटी काकूने त्यांना दवाखान्यात नेलं. मी सोबत होतो, पळाले तर धरायला. सोमवारपासून एका सभागृहाचं छत रंगवायचं होतं. काकांना डॉक्टरीणबाईंकडून एक गोळी आणि 'चालेल' एवढंच हवं होतं. नाहीतर छत जाणार मेहुण्याच्या हातात, म्हणजे काकूच्या भावाच्या.

"तो छत रंगवत नाही, छताला आंघोळ घालतो," काका म्हणाले.

"माझ्या भावावर घसरू नका. खांद्याचं बोला," काकू म्हणाली.

बाकावरून काका उठले, बसले, परत उठले. भिंतीचा पोपडा नखाने उचकटून म्हणाले, "ओल्या भिंतीवरच रंग मारलाय!" आत ऐकू गेलं असणारच, कारण लगेच आमचा नंबर लागला.

"हात बाजूने वर न्या," डॉक्टर म्हणाल्या.

काकांनी हात झपकन वर नेला, जणू सुटलेली बस थांबवायची होती. "बघा! काय झालंय?"

"आता सावकाश."

हात निघाला, खांद्याजवळ आला आणि काकांचं तोंड आंबट झालं. खांदा कानाला भिडला, अंग एका बाजूला कललं. तेवढा टप्पा ओलांडल्यावर चेहऱ्यावर पुन्हा हसू.

"मधलं गाळताय तुम्ही," डॉक्टर हसल्या. "नेमकं तेच मला बघायचं होतं."

"त्या कुशीवर झोपता येत नाही यांना," काकूने चुगली केली. "शर्टाची बाही मी चढवते."

डॉक्टरांनी काकांना हात सैल सोडायला लावून स्वतः तो उचलला. अलगद वर गेला. मग हात दाबून धरत त्या म्हणाल्या, "जोर लावा." काकांनी लावला, डोळ्यांत पाणी आलं, पण हात टिकला.

"सांधा आखडलेला नाही. ताकदही आहे, म्हणजे मोठं काही फाटलेलं दिसत नाही. आतला स्नायूबंध चिडलाय. पडला नाहीत, तेव्हा एक्स-रेची आत्ता गरज नाही. हात गळ्यात बांधून बसू नका, चालता ठेवा. भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढायचं, दुखणं वाढलं की थांबायचं. आणि दीड महिना ब्रश खांद्याच्या वर न्यायचा नाही."

"आणि छत?"

"छत कुठे पळत नाही. दीड महिन्याने बघू."

घरी काका भिंतीसमोर उभे राहिले. जी भिंत ते तासाभरात रंगवून मोकळे होतात, तिच्यावर त्यांची बोटं पालीसारखी सरकत होती, आणि पालीपेक्षा हळू. काकूने पदर तोंडाला लावला. मला तेवढंही जमलं नाही.

सोमवारी मेहुणे शिडीवर, काका खाली. खालची भिंत रंगवता रंगवता मान सारखी वर. काकू डबा घेऊन आली होती, मीही होतो. मध्येच काकांनी ब्रश ठेवला, छताकडे बोट दाखवायला उजवा हात उचलला आणि तो अर्ध्यावर अडला. खांदा कानाकडे निघाला होता, पण त्यांनी तो परत खाली आणला.

"अवघडलंय का?" काकूने विचारलं.

काकांनी डाव्या हाताने खांदा चोळला. "दुखतंय," म्हणाले, आणि डावा हात वर करून मेहुण्यांवर ओरडले, "अहो, तिथे डाग राहिलाय!"