व्यंकोजीरावांनी बसवलेली ट्यूब

कुंभकोणम् गावात सकाळची कॉफी बिघडली, तर लोक दूधवाल्याला बोल लावत नाहीत, थेट व्यंकोजीरावांना फोन करतात. एकतीस वर्षं हा माणूस घरोघरची पाणी शुद्ध करायची यंत्रं दुरुस्त करतो आहे. तीनशे वर्षांपूर्वी त्यांचा कोणी पूर्वज तलवार घेऊन तंजावरास आला होता म्हणे. व्यंकोजीरावांच्या वाट्याला पाना आला आणि त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. घराबाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी, आणि दोन्ही भाषांत बोलणं बेताचंच.

एक गोष्ट मात्र ते प्रत्येक गिऱ्हाइकाला न चुकता सांगत. यंत्रातला यूव्ही दिवा निळा दिसतोय म्हणून फसू नका, वर्ष झालं की त्याचा जोर संपतो, बदलून घ्या. हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यांची मुलगी पवित्रा त्यांची हुबेहूब नक्कल करायची.

पवित्रा तिरुभुवनम्‌ला रेशमी साड्यांची नक्षी कॉम्प्युटरवर काढत असे. तिनं एक नारिंगी साप पाळला होता. परदेशी जातीचा, बिनविषारी, वनखात्याच्या कागदासकट. वेटोळं घालून बसला की थेट जांगिरी, म्हणजे इकडची जिलबीसारखी मिठाई, म्हणून नावही जांगिरी. तिरुनागेश्वरमच्या नागराजाला दुधाचा अभिषेक करून येणारे नातेवाईक ह्या घरात पाऊल टाकताना मात्र दाराशीच थबकत. पवित्रा हसायची.

आठ महिन्यांपूर्वी मयिलाडुतुरै रस्त्यावर तिच्या स्कूटरला लॉरीनं धडक दिली. तेराव्या दिवशी चुलतभाऊ पांडुरंगराव म्हणाले, "व्यंकोजी, आतां तरी तें जनावर देऊन टाक." कामाक्षीबाई, व्यंकोजीरावांची बायको, उठून काचेच्या पेटीसमोर जाऊन बसल्या, आणि तो विषय तिथेच मिटला.

तेव्हाही आणि त्यानंतरही घरात कोणी रडलं नाही. लोकांना ते विचित्र वाटलं. व्यंकोजीरावांना विचित्रसुद्धा वाटलं नाही. ते कामावर जात, झाकणं उघडत, गाळणी बदलत, परत येत. जेवणात मीठ आहे की नाही हे कळत नसे. कामाक्षीबाई रोज संध्याकाळी दोन तास पेटीचं झाकण वर करून तिच्याजवळ बसत. जांगिरी दिसावी म्हणून तिचं लपायचं मडकंही त्यांनी बाहेर काढून ठेवलं होतं.

पेटीच्या मागं पवित्रेच्या अक्षरात एक कागद चिकटवलेला होता. पाणी कधी, उंदीर कधी, आणि शेवटी : यूव्ही ट्यूब वर्षानं बदलणे. सापाला उन्हासारखा उजेड मिळावा म्हणून पेटीच्या झाकणाखाली तशी एक ट्यूब होती. व्यंकोजीरावांनी तारीख पाहिली. वर्ष उलटून गेलं होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा पोरीनं काही काम सांगितलं आणि तेही नेमकं त्यांच्या हातचं. त्यांच्या पिशवीत नवी कोरी ट्यूब होतीच. त्यांनी जुनी काढली, चोक बदलला, आपली ट्यूब झाकणाखाली नीट बसवली आणि कागदावर नवी तारीख घातली.

यंत्रातली ही ट्यूब पोलादी नळीत बंद असते. उघडी असताना तिच्याकडे बघू नये, हे ते शिकाऊ मुलांना दरडावून सांगत आले होते. पण डोकं ठिकाणावर असेल तर माणसाला शिकवलेलं आठवतं.

तीन दिवसांनी सकाळी कामाक्षीबाईंचे डोळे लालभडक होते आणि घळाघळा वाहत होते. पदरानं पुसत त्या कॉफी गाळत होत्या. व्यंकोजीरावांनी ते पाहिलं. अखेर हिला रडू आलं, असं त्यांना वाटलं. बरं वाटलं. थोडा हेवाही वाटला.

जांगिरीचे डोळे दुधाळ झाले. कात टाकायच्या आधी असं होतं, हे पवित्रेनं दोघांनाही शिकवलं होतं. ते वाट पाहत राहिले. दहा दिवस झाले, कात पडली नाही, जांगिरीनं उंदराकडे तोंड वळवलं नाही. तेव्हा व्यंकोजीरावांनी तिला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात घातलं आणि तंजावरची बस धरली. हीही गेली तर त्या पेटीसमोर बसलेल्या बाईचं काय होईल, एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात होता.

प्राण्यांच्या डॉक्टर शिवकामींनी पेटीतल्या दिव्याचा फोटो पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"ही जंतू मारायची ट्यूब आहे," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "सापांची वेगळी असते. हिनं कातडी भाजते, डोळे भाजतात. सापाला पापण्या नसतात हो, मिटणार काय? कोणी दिली तुम्हाला?"

"दुकानदारानं," व्यंकोजीराव म्हणाले. एकतीस वर्षांत कामाबद्दल बोललेलं हे त्यांचं पहिलं खोटं.

डॉक्टरांनी मलम दिलं. "जगेल. वासावर खाईलही. दिसणार मात्र नाही. घरात कोणाचे डोळे लाल झाले होते का? वाळू गेल्यासारखे, पाणी वाहत?"

"नाही," असं त्यांच्या तोंडून निघालं. मग ते म्हणाले, "बायकोचे."

"ते ह्या दिव्यानंच. तिला डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवून घ्या."

बसमध्ये डबा मांडीवर धरून ते बसले होते. म्हणजे बायकोही रडली नव्हती. आठ महिने झाले, एकुलती एक मुलगी गेली आणि दोघांपैकी कोणीही अजून रडलं नव्हतं. त्यांना भीती वाटली. आठ महिन्यांत वाटलेली ही पहिलीच सरळ गोष्ट होती.

घरी कामाक्षीबाई दारातच उभ्या होत्या. व्यंकोजीरावांनी डबा खाली ठेवला, आधी जाऊन पेटीतली ट्यूब काढली, आणि ती हातात धरूनच बोलले.

"ही आंधळी झाली. ती ट्यूब मीं लाविली. पाण्याच्या यंत्राची. तुझे डोळेही त्यानेंच लाल झाले होते."

कामाक्षीबाईंनी खाली बसून डब्याचं झाकण उघडलं. जांगिरीनं जीभ काढून हवा चाखली आणि हळूहळू त्यांच्या मनगटावर चढली.

"मडकें मीं काढलें होतें," त्या म्हणाल्या. "असतें तर लपली असती."

कामाक्षीबाई उठल्या, मडकं शोधून आणलं, पदरानं पुसलं आणि पेटीत ठेवलं. मग नेहमीसारख्याच हलक्या आवाजात म्हणाल्या,

"पवित्रेस सांगूं नका."

"नाहीं सांगत," व्यंकोजीराव म्हणाले. आणि सांगायला पवित्रा आता नाहीच, हे ध्यानात येताच ते हातातली ट्यूब खाली ठेवून पेटीसमोर बसले.