बायडाबाईंच्या दुधाला विस्तव

बायडाबाईंचा कुणावरही विश्वास नाही. पिशवीतल्या दुधावर नाही, डेअरीत फॅट मोजणाऱ्या यंत्रावर नाही, डॉक्टरवर नाही, शेजारणीवर तर नाहीच नाही. आणि गंमत म्हणजे लोकांच्या अशाच अविश्वासावर त्यांचं घर तीस वर्षं चाललं. आमच्या पेठेतल्या चौकातल्या दूध-कट्ट्यावर संध्याकाळी सहाच्या सुमाराला त्यांच्या दोन म्हशी येऊन उभ्या राहतात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत चरवीत धार पडते, फेस वर येतो आणि तसाच फेसाळ पेला त्याच्या हातात जातो. मध्ये पाणी नाही, पावडर नाही, बर्फ नाही. "बघून घ्या की पावणं, देवानं डोळं कशाला दिल्यात?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तालमीतली पोरं, रिक्षावाले, भाजी घेऊन घरी निघालेल्या बायका, सगळेच तिथं थांबायचे. मीही त्यातलाच एक.

मी कोर्टात चौतीस वर्षं कारकुनी केली. साक्षी-जबान्या लिहून लिहून माझा स्वभावच असा झालाय की कुणी हसून नमस्कार केला तरी याला आपल्याकडून काय हवंय, हे आधी मनात येतं. त्यामुळे बायडाबाईंचं आणि माझं छान जमलं. दूध पिऊन झालं की तिथंच कट्ट्यावर बसून आम्ही दोघं अर्धा तास जगाचा संशय घ्यायचो. त्या मला अण्णा म्हणतात.

नवरा गेला तेव्हा त्यांचा ज्ञानू चार वर्षांचा होता. म्हशी विकून माहेरी जा, असं दिरांनी सांगितलं. बायडाबाईंनी म्हशी ठेवल्या आणि दिरांशी बोलणं टाकलं. बाईमाणूस भर चौकात धार काढतंय म्हणून सुरुवातीला लोक दात काढायचे. बायडाबाई शिव्या अशा हासडायच्या की दुसऱ्या दिवशी तेच लोक मुकाट पेला पुढं करायचे. पहिल्या धारेचा तांब्या मात्र गिऱ्हाइकाचा नव्हे, ज्ञानूचा. पोरगं वाढलं ते त्या तांब्यावर, असं त्या कुणालाही ऐकवत.

चार वर्षांपूर्वी ज्ञानूचं लग्न झालं आणि नेसरीकडची मोना सून म्हणून आली. आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिनं दुधाचं पातेलं शेगडीवर ठेवलं. बायडाबाईंचा आवाज शेजारी आमच्या माडीवर ऐकू आला.

"माझ्या दुधाला इस्तू दावतीस? माझ्या म्हशी काय रोगानं भरल्यात?"

"आमच्यात तापवूनच पित्यात, आत्ती," मोना म्हणाली. तिच्या गावाकडं सासूला आत्ती म्हणतात. ती भांडली नाही आणि तिनं ऐकलंही नाही. स्वतःपुरतं आणि पुढे मुलगी झाली तेव्हा त्या नंदूपुरतं दूध ती रोज तापवत राहिली. साय खायला मिळावी म्हणून ती तापवते, असा निष्कर्ष बायडाबाईंनी काढला. मलाही तो पटला. शांत माणसावर माझा पहिल्यापासून जास्त संशय.

मागच्या दिवाळीच्या आधी त्यांची चांदी नावाची म्हैस व्याली आणि रेडकू मेलेलं निघालं, असं बायडाबाई म्हणाल्या. माझ्या मनात पाल चुकचुकली. चांदीचे दिवस भरायला अजून बराच अवकाश होता. ती कधी व्यायची, हे कट्ट्यावर आमच्या बोलण्यात रोज यायचं. पण मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि काही वंगाळ निघालं असतं, तर माझा संध्याकाळचा पेला गेला असता. खरं कारण एवढंच.

संक्रांतीनंतर ज्ञानूला ताप येऊ लागला. संध्याकाळी चढायचा, अंगाला दरदरून घाम फुटायचा, सकाळी पोरगं पुन्हा उठून शेण काढायचं. आठवडाभर बरा, पुन्हा सुरू. विषमज्वराच्या गोळ्या झाल्या, मलेरियाचं रक्त झालं, डेंग्यूचं झालं. कशात काही नाही. होळीपर्यंत त्याची कंबर अशी धरली की अंथरुणातून उठताना तो भिंतीचा आधार घ्यायचा. ऐंशी किलोचा गडी सदऱ्यात मावत नव्हता, तो आता सदऱ्यात सापडेना.

बायडाबाई दुधाची धार काढताना माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागल्या. त्या हळू बोलतात म्हणजे प्रकरण गंभीर. आधी दिरांवर संशय होता. करणीबिरणी केली असणार म्हणून दोन देवऋषी झाले. मग एके दिवशी त्या म्हणाल्या, "अण्णा, घरात माणसं चार. ज्ञानू पडून हाय. माझं सांधं धरल्यात. ती आन् तिची पोरगी तेवढी टुणटुणीत. ह्याचा अर्थ काय?"

मी मान डोलावली. "नजर ठेवा," म्हणालो. "ताटात काय वाढती ते बघा."

चारच दिवसांत बायडाबाई पदराआड एक लहानशी बाटली घेऊन माझ्याकडं आल्या. फडताळात डब्यांच्या मागं सापडली होती. वरचा कागद भिजून निघालेला, आत पाण्यासारखं काहीतरी, वास उग्र. मी झाकण उघडून हुंगलं, पुन्हा लावलं आणि कोर्टात म्हणतात तसं म्हणालो, "जपून ठेवा. पुरावा आहे."

मोना म्हणत होती की ते पिण्याचं पाणी शुद्ध करायचं औषध आहे, आरोग्य केंद्राच्या बाईंनी दिलंय. "मग लपवून का ठेवलंस?" या प्रश्नावर ती म्हणाली, "तुमी फेकून दिलं असतं म्हणून." आमच्या दोघांच्या दृष्टीनं हा कबुलीजबाबच होता. ज्ञानू अंथरुणातून म्हणाला, "आई, तिला नगं घालवू." त्याच्या आवाजात जोर नव्हता. त्याच दिवशी दुपारच्या एसटीनं मोना आणि नंदू नेसरीला गेल्या. मी गच्चीवरून पाहिलं. मुलीला कडेवर घेऊन ती बोळाच्या टोकापर्यंत सरळ चालत गेली, मागं वळून बघितलं नाही. ते मला बेरकीपणाचं लक्षण वाटलं.

आता ताप उतरायला हवा होता. उतरला नाही. पंधरा दिवसांनी ज्ञानूला कूस बदलता येईना.

गुढीपाडव्यानंतर आरोग्यसेविका अनुजा पेठेत तापाचे रुग्ण विचारत फिरत होती. गेल्या दोन्ही खेपांना बायडाबाईंनी तिला उंबऱ्यावरूनच "आमच्यात कुणाला काय न्हाय" म्हणून घालवलं होतं. या वेळी मी तिथंच बसलो होतो आणि आतून ज्ञानूचं कण्हणं ऐकू आलं. अनुजा चपला काढून सरळ आत गेली. तिनं त्याला बघितलं, कागद बघितले आणि विचारलं, "मोना कुठाय?"

"घालवली. बाटलीतलं इख पाजत हुती," बायडाबाई म्हणाल्या आणि बाटली तिच्यापुढं आदळली.

अनुजानं बाटली उचलून बघितली. "ही मीच दिली होती, मावशी. पाण्यात टाकायची."

"म्हंजे तुमीबी तिच्यातल्याच!" बायडाबाई उसळल्या. "मला येडी समजू नगा. आमी दोघं आजारी, त्या दोघी धडधाकट. सांगा की, का?"

अनुजा चिडली नाही. ती पाटावर बसली. "मलाही तेच विचारायचंय," ती म्हणाली. "त्या दोघी का बऱ्या आहेत? त्या काय वेगळं खातात? काय वेगळं पितात?"

"वेगळं काय? एकाच चुलीवरचं खातोय सगळी. दूध तेवढं ती... " बायडाबाई थांबल्या.

"दूध ती काय?"

"तापवती. आन् त्या पोरीलाबी तसलंच पाजती."

हाच पुरावा दोन महिने आमच्या हातात होता आणि आम्ही तो उलटा वाचत होतो. अनुजा मात्र अजून थांबली नव्हती. तिनं विचारलं, "वर्षभरात तुमची म्हैस गाभडली का, मावशी? दिवस भरायच्या आत टाकलं का?"

"न्हाय."

चौतीस वर्षांत मी किती खोट्या साक्षी ऐकल्या असतील. ही त्यांतली सगळ्यात उघडपणे खोटी होती. पण बायडाबाईंना काय दिसत होतं हे मला कळत होतं. हो म्हटलं की कट्टा संपला. तीस वर्षं ज्या दुधाची शपथ घेतली, त्यातच खोट निघणार. उघड्या दारातून चौकातला खुंटा दिसत होता, पाच वाजून गेले होते.

अनुजा म्हणाली, "म्हशीचा एक रोग असतो. त्यात ती गाभडते. तिचं कच्चं दूध प्यालं किंवा त्या वेळी अडकलेला जार, म्हणजे वार, उघड्या हातानं काढला, तर माणसाला असाच ताप येतो, सांधे धरतात. त्याचं रक्त वेगळं तपासावं लागतं, गोळ्याही वेगळ्या. असं काही झालंय हे डॉक्टरला कुणी सांगितलंच नाही, तर त्यांनी तरी काय शोधायचं? आणखी थांबलात तर मणका जाईल त्याचा. मी तुमच्या धंद्यावर आलेली नाही. मला ज्ञानूचं सांगा."

आत ज्ञानूनं कूस बदलायचा प्रयत्न केला आणि लहान पोरासारखा ओरडला.

बायडाबाई भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "गाभडली. आठव्या महिन्यात. जार अडकलता, ज्ञानूनंच हात घालून वढला."

रक्तात तोच रोग निघाला. ज्ञानूच्या आणि बायडाबाईंच्याही. माझंही रक्त घेतलं. मी सुटलो, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. दोघांना सहा आठवडे दोन प्रकारच्या गोळ्या होत्या. एकही चुकवायची नाही, असं बजावून अनुजा रोज येऊन उरलेल्या गोळ्या मोजायची, कारण तिचाही बायडाबाईंवर विश्वास नव्हता. जनावरांच्या डॉक्टरांनी म्हशींचं रक्त नेलं. चांदी वेगळी बांधली गेली.

कट्टा आठ दिवस बंद राहिला. नवव्या दिवशी बायडाबाई एका म्हशीबरोबर गॅसची शेगडी आणि कढई घेऊन आल्या. धार काढली आणि सगळ्यांच्या समोर दूध कढईत ओतून वर येईपर्यंत उकळलं. फेस नाही, तर गिऱ्हाईक नाही. निम्मी माणसं तशीच पुढं गेली. तालमीतला एक पोरगा मोठ्यानं म्हणाला, "साय काढून घेत असणार."

पूर्वीच्या बायडाबाईंनी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. त्या म्हणाल्या, "माझं पोरगं ह्येच कच्चं पिऊन तीन महिनं पडलंय. मीच पाजलंय. बघायचं असंल तर घरी चल." पोरगा वरमला. पेला घेतला नाही, पण वरमला.

मग एका रविवारी त्या मला म्हणाल्या, "नेसरीला जायाचं हाय. तुमीबी चला. पुरावा हाय म्हणून तुमीच म्हणालतासा."

मी गेलो. एसटीत आम्ही कुणाचाच संशय घेतला नाही. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. मोनाच्या घरी तिनं आम्हाला पाणी दिलं, चहा दिला, बसायला घोंगडं टाकलं. नंदू आईच्या मागं लपून आमच्याकडं बघत होती, हाक मारली तरी आली नाही. मी म्हणालो की चूक माझीही आहे. मोनानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

बायडाबाईंना माफी मागायची सवय नाही. त्या म्हणाल्या, "ज्ञानू आता भिताड न धरता उठतोय. तुझं खरं निघालं. चल घरी."

मोना खाली बघत म्हणाली, "आत्ती, एक इच्चारू? तवा मीबी कच्चं दूध पिऊन तापानं पडलो असतो, माझी पोरगीबी पडली असती, तर तुमी मला घरात ठेवून घेतलं असतं न्हवं?"

बायडाबाईंनी चहाची कपबशी खाली ठेवली. नातीकडं बघितलं.

"व्हय," त्या म्हणाल्या.